वाढत्या वयातील ‘टिक्स’ : खोडी नव्हे आणि पापही नव्हे

दिघी परिसरात लष्करी आस्थापनांतील कुटुंबे आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळ्यांवर काम करणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. अशा घरातील दहा-बारा वर्षांचा मुलगा वारंवार डोळे मिचकावू लागला, खांदा उडवू लागला, किंवा पवित्र मिस्सा चालू असताना सतत घसा खाकरू लागला, की पालक प्रथम दटावतात. कोणी नेत्रतज्ज्ञ गाठते, कोणी मोबाईलला दोष देते, तर कोणी (ख्रिस्ती घरांतही!) गुपचूप दृष्ट काढते.

या हालचालींना वैद्यकशास्त्रात ‘टिक्स’ म्हणतात. शिंक येण्यापूर्वी नाकात जशी हुळहुळ होते, तशी ओढ मुलाला आतून जाणवते आणि हालचाल केल्यावर क्षणभर बरे वाटते. ती दाबता येते, पण थोडाच वेळ. म्हणूनच काही मुले शाळेत शांत बसतात आणि घरी येताच झटके वाढतात. ‘आमच्यासमोर मुद्दाम करतो’ हा पालकांचा ग्रह येथेच होतो.

टिक्स बहुधा ५ ते ७ वर्षे वयात सुरू होतात आणि १० ते १२ व्या वर्षी सर्वाधिक तीव्र होतात. नेमकी तेव्हाच उंची वाढू लागते, त्यामुळे वाढीलाच कारण समजले जाते. वस्तुतः मूळ मेंदूतील हालचालींचे नियमन करणाऱ्या यंत्रणेत असते, आनुवंशिकतेचाही त्यात वाटा असतो आणि मुलग्यांत प्रमाण अधिक आढळते. परीक्षेची धास्ती, जागरण व थकवा यांनी टिक्स वाढतात. बहुतेकांत तारुण्यात येईपर्यंत त्या बऱ्याच ओसरतात.

अनेक शारीरिक टिक्स आणि निदान एक आवाजाची टिक वर्षाहून अधिक काळ राहिली, तर त्यास ‘टुरेट सिंड्रोम’ म्हणतात. फ्रेंच वैद्य जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी १८८५ मध्ये अशा नऊ रुग्णांचे वर्णन केले. २०१८ च्या ‘हिचकी’ या हिंदी चित्रपटातील शिक्षिकेला हाच विकार होता. तोंडून नकळत अपशब्द निघणे मात्र थोड्याच रुग्णांत आढळते.

असा शब्द प्रार्थनेच्या वेळी निघाला तर? गंभीर पापासाठी पूर्ण जाणीव आणि जाणूनबुजून दिलेली संमती आवश्यक असते, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो (परिच्छेद १८५७). टिकमध्ये अशी संमतीच नसते. तेव्हा मुलाला त्यासाठी पापनिवेदनाला धाडणे अन्यायाचे होय. वेदीसेवकाचे काम काढून घेणे तर त्याहून वाईट. काही मुलांना टिक्ससोबत मंत्रचळाचाही त्रास असतो. क्षमा मिळूनही तेच पाप पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटणे, हे त्याचे एक रूप होय. अशा मुलाला धर्मगुरूंच्या धीराबरोबर डॉक्टरांचीही गरज असते.

सौम्य टिक्सना औषध लागत नाही. टोकणे थांबवावे आणि शिक्षकांना कल्पना द्यावी. त्रास अधिक असल्यास ओढ ओळखून तिला विरोधी हालचाल करण्याचे प्रशिक्षण उपयोगी पडते आणि गरजेनुसार औषधेही आहेत. किशोरवयात एका-दोन दिवसांत अचानक मोठे झटके सुरू झाले, तर प्रकार वेगळा असू शकतो. २०२०-२१ च्या कोविडकाळात अनेक देशांत, विशेषतः मुलींमध्ये, असे रुग्ण वाढले होते. त्यांचे उपचारही भिन्न असतात. प्रथम बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळच आहे. मुलाच्या मनावर ताण असेल, तर शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.