एलियाची वाट

माझ्या टेबलावर दोन पुस्तकं शेजारीशेजारी उघडी आहेत. एक मराठी बायबल, दुसरं हिब्रू तनाख. दोन्हींत मलाखी संदेष्ट्याचा शेवट काढला आहे. आशय एकच: परमेश्वराचा भयंकर दिवस उगवण्याआधी एलिया संदेष्टा पाठवला जाईल. बायबलात हे चौथ्या अध्यायाचं पाचवं वचन. हिब्रूत मलाखीला चौथा अध्यायच नाही, तिथे ते तिसऱ्याचं तेविसावं.

आता पान उलटायचं. बायबलात जुना करार इथे संपतो आणि समोर मत्तयाचं शुभवर्तमान येतं. तनाखात मलाखीच्या मागे स्तोत्रं येतात, कारण तोरा, संदेष्टे आणि इतर लेख या तीन भागांत मलाखी मधल्या भागाचा शेवट आहे. तनाख संपतो तो इतिहासाच्या पुस्तकावर. तिथे कोरेश राजा ज्यूंना यरुशलेमला परत जायची मोकळीक देतो. म्हणजे मजकूर बहुतेक सामाईक, पण एका मांडणीत ग्रंथ पुढच्या कोणाची तरी चाहूल देत थांबतो आणि दुसऱ्या मांडणीत घराची ओढ लावून. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली ‘क्रिस्तपुराण’ मराठीत प्रसिद्ध केलं, तेव्हा त्याचे भाग केले ‘पैलें पुराण’ आणि ‘दुसरें पुराण’. ज्यू माणसाला हे ‘पैलें’ मान्य होणार नाही. ज्याला दुसरं नाही, त्याला पहिलं कसं म्हणायचं?

या एलियाचं काय झालं, याची दोन उत्तरं आपल्या साष्टी बेटावरच सापडतात.

पहिलं ठाण्यात. मी मुलुंडचा. चेक नाका ओलांडला की ठाणं, आणि तिथे 1879 सालचं ‘शार हाशामायिम’ हे बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं सिनेगॉग आहे. शाळेतल्या एका मित्राच्या घरी मी पहिल्यांदा मलिदा पाहिला. मोठ्या ताटात भिजवलेले गोड पोहे, त्यावर ओलं खोबरं, वेलची, काजू-बेदाणे आणि भोवती फळं. घरातलं आजारपण सरलं होतं, त्याचा नवस फेडायचा होता. मंडळी हिब्रूत एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं गाणं म्हणत होती. मी केळ्याकडे हात नेला तशी मित्राची आई म्हणाली, “थांब रे, आधी खजूर. केळं झाडाचं नाही, जमिनीचं. त्याचा आशीर्वाद वेगळा.”

पुढे अभ्यास करताना त्या ताटाचे थर मला उलगडले. अग्निरथ आला आणि एलिया वावटळीतून स्वर्गात गेला, ही कथा तनाखातल्या ‘राजे’ या पुस्तकातली. झाडाच्या फळाला एक आशीर्वाद आणि जमिनीच्या पिकाला दुसरा, हा नियम तोरात कुठे लिहिलेला नाही. तो मौखिक तोरातला. इसवी सन 200च्या सुमारास मिश्नात संकलित झालेला आणि तालमुदात पुढे चर्चिला गेलेला. केळीला दरवर्षी टिकणारं लाकडी खोड नसतं, म्हणून केळं जमिनीच्या पिकांत. आणि मलिदा स्वतः या दोन्हींत नाही, तो कोकणातला. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी बेने इस्रायलांची श्रद्धा आहे. या लोकांसाठी एलिया अजून यायचा आहे. दरम्यान तो नवसाला पावतो.

दुसरं उत्तर अंधेरीत, मरोळला. सीप्झच्या कुंपणाआड, कारखान्यांच्या गर्दीत एका चर्चच्या भिंती उभ्या आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनी 1579 साली बांधलेलं, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचं हे चर्च. 1840च्या साथीत कोंडिविट्याचं गाव उठलं, लोक मरोळला गेले आणि चर्च ओस पडलं. आजही ईस्ट इंडियन म्हणवणारी इथली मूळची ख्रिस्ती कुटुंबं वर्षातून एकदा तिथे जमतात, बिनछपराच्या भिंतींत मिस्सा होतो. ज्या योहानाचं हे चर्च, त्याच्याविषयी मत्तयात येशू सांगतो की येणार असलेला एलिया तो हाच. गंमत अशी, की योहानाच्या शुभवर्तमानात (हा योहान वेगळा) लोक त्यालाच विचारतात तेव्हा तो ‘मी एलिया नाही’ म्हणतो. चर्चने या दोन्हींची सांगड लूकच्या आधारे घातली: एलियाच्या आत्म्याने आणि सामर्थ्याने आलेला. तेव्हा मरोळच्या हिशेबी एलिया येऊन गेला.

ख्रिस्ती म्हणजे फक्त पुस्तक आणि ज्यू म्हणजे परंपरा, अशी सोपी वाटणी मला कधीच पटली नाही. ईस्ट इंडियन कॅथलिक आहेत, आणि ट्रेंटच्या धर्मसभेने 1546 साली पवित्र ग्रंथाबरोबर परंपराही मानावी असं ठरवलं. त्यांच्या जुन्या करारात 46 पुस्तकं, प्रॉटेस्टंटांच्या 39. जास्तीच्या पुस्तकांत मक्काबी आहे, ज्यात यरुशलेमच्या मंदिराच्या शुद्धीची म्हणजे हनुक्काच्या सणामागची कथा आहे. सण ज्यूंचा, पण पुस्तक त्यांच्या तनाखात नाही आणि मरोळच्या बायबलात आहे. लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणणाऱ्या ईस्ट इंडियन बायकांनाही त्याचा आधार बायबलात शोधावा लागत नाही.

नुसतं पुस्तक पुरे, असं मानणारे आले ते प्रॉटेस्टंट मिशनरी. अमेरिकन मिशन 1813 साली मुंबईत पोचलं, जॉन विल्सन 1829 मध्ये. बेने इस्रायलांची स्थिती तेव्हा विलक्षण होती. त्यांच्याकडे शनिवारचा विसावा होता (म्हणून तर तेल गाळणाऱ्या या लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत), सुंता होती, शेमाची प्रार्थना होती. ग्रंथ मात्र जवळपास नव्हता. विल्सनने 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. संदेष्टे मुळातून वाचले की हे लोक आपसूक मत्तयाचं पान उलटतील, अशी मिशनऱ्यांची आशा होती. लोकांनी वाचलं, आणि ते पक्के ज्यू झाले. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी पुढे प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. 1874 साली पुण्यात छापलेल्या हगादा या वल्हांडणाच्या पोथीतल्या चित्रांत भाकऱ्या करणाऱ्या बायका साडीत आहेत. मिशनऱ्यांचं देणं मी मोलाचं मानतो. त्यांनी दिलेलं व्याकरण ज्या हातांत पडलं, त्या हातांत रीत आधीच मुरलेली होती.

पण ज्यू परंपरेनेच बेने इस्रायलांना दुखावलंही. इस्रायलला गेल्यावर 1962 साली तिथल्या मुख्य रब्बिनेटने विवाहनोंदणीआधी त्यांची वंशावळ तपासायचे निर्देश दिले, कारण घटस्फोटाचा आणि निपुत्रिक विधवेला दिराच्या बंधनातून सोडवण्याचा रब्बींचा कायदा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला नसावा अशी शंका होती. तालमुद ज्या शतकांत लिहिला गेला, त्या शतकांत कोकणात तो त्यांच्यापर्यंत कोण आणणार होतं? त्यांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं. 1964 साली इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा दिला.

मलाखीचं शेवटचं वचन शापाच्या शब्दावर थांबतं. ख्रिस्ती वाचक तिथून पान उलटून मत्तयाकडे जातो. वल्हांडणाआधीच्या शनिवारी सिनेगॉगमध्ये हा भाग वाचतात, तेव्हा वाचणारा त्या शब्दावर थांबत नाही. तो एक वचन मागे येतो आणि एलिया येणार असल्याचं पुन्हा वाचतो.