लांब पूल भूकंपात एकसारखा हलत नाही

बुलडाणा (प्रतिनिधी) - भूकंप म्हटला की डोळ्यांपुढे पडलेली घरे येतात. पुलांचा विचार सहसा होत नाही. मात्र जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील ग्रामस्थांना नांदुरा, शेगाव वा खामगावकडे येण्यासाठी पूर्णा नदी ओलांडावीच लागते. आपत्तीत मदतही याच पुलांवरून येणार. १४ मार्च १९३८ रोजी सातपुडा परिसरात सहा रिश्टरहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. १९९३ मध्ये हादरलेले किल्लारीही त्यापूर्वी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच गणले जात होते.

खांबांची ओढाताण

घराचा पाया एकाच जागी असल्याने सारे घर एकदम हलते. लांब पुलाचे खांब दूरवर पसरलेले असतात व भूकंपलहर त्या सर्वांपर्यंत एकाच क्षणी पोहोचत नाही. लहरीचा वेग सेकंदाला दोन किलोमीटर धरला, तर एक किलोमीटरचा पूल पार करण्यास तिला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात पहिल्या टोकाची जमीन उलट दिशेला वळलेली असू शकते. परिणामी एक खांब पुढे, तर दुसरा मागे जातो आणि वरच्या गर्डरची ओढाताण होते.

त्यात मातीचा फरक पडतो. जिल्ह्यात घाटावर काळा खडक, तर घाटाखाली पूर्णेने आणलेल्या गाळाचे जाड थर आहेत. मऊ गाळात कंपने वाढतात. त्यामुळे सर्व खांबांना एकच धक्का बसेल असे गृहीत धरणे लांब पुलांबाबत अपुरे ठरते. प्रत्येक खांबाखालील माती आणि लहर पोहोचण्याची वेळ लक्षात घेऊन संगणकावर स्वतंत्र गणित मांडावे लागते.

भूजचा धडा

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात कच्छला सौराष्ट्राशी जोडणाऱ्या सुरजबारी पुलाच्या बेअरिंगचे नुकसान झाले व गर्डर जागचे सरकले. जपानमध्ये १९९५ च्या कोबे भूकंपात तर जमीनच सरकली. तेथे बांधकाम सुरू असलेल्या आकाशी काइक्यो पुलाच्या मनोऱ्यांतील अंतर १९९० मीटरवरून १९९१ मीटर झाले.

उपाय काय?

खांबाच्या माथ्यावर गर्डरला टेकण्यासाठी पुरेशी रुंद जागा ठेवणे, तो बाजूला सरकू नये म्हणून काँक्रीटचे अटकाव उभारणे, लगतचे गर्डर पोलादी दोरांनी बांधणे आणि धक्का सोसणारी बेअरिंग बसविणे, हे प्रमुख उपाय होत. यांतील बरेचसे जुन्या पुलांवरही करता येतात. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१८ मध्ये रस्त्यांवरील पुलांच्या भूकंपरोधक आराखड्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

पूल कोसळलाच पाहिजे असे नाही. गर्डर बेअरिंगवरून हातभर सरकला, तरी रुग्णवाहिका अलीकडेच अडते. पूर्णेपलीकडील गावांच्या दृष्टीने ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.