बांगडीतले रंग

एके दिवशी विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला. जांभळा, हिरवा, तांबूस. कोणी म्हणाले, "पाण्यात रंग टाकला." साक्षरता वर्गात ही गोष्ट निघाली.

गुरुजींनी वाटीत साबणाचे पाणी केले. एका आजींनी नातीची बांगडी दिली. गुरुजींनी ती पाण्यात बुडवून हळूच काढली व दाराशी उजेडात उभी धरली. मागे काळे घोंगडे धरले. बांगडीत साबणाचा पातळ पडदा झाला होता. त्यावर रंगांचे आडवे पट्टे उमटले.

आजी म्हणाल्या, "साबणाचं पाणी तर पांढरं. मग हे रंग कुठनं आले?"

"आजी, रंग उजेडात आहेत," गुरुजी म्हणाले. "सूर्याच्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. उजेड लाटांनी चालतो. प्रत्येक रंगाची लाट लहानमोठी असते. थोडा उजेड पडद्याच्या पुढच्या अंगावरून परत फिरतो. थोडा आत जाऊन मागच्या अंगावरून फिरतो. मग दोन्ही एकत्र येतात. झोपाळ्याला वेळेवर झोका दिला, तर तो उंच जातो. उलट वेळी दिला, तर थांबतो. लाटांचेही तसेच. ज्या रंगाच्या लाटा जुळतात तो उठून दिसतो. ज्याच्या जुळत नाहीत तो मावळतो."

पाणी खाली ओघळते, म्हणून पडदा वर पातळ व खाली जाड असतो. जाडी बदलली की रंग बदलतो. असा रंगीत पडदा केसाच्या शंभराव्या भागाएवढा पातळ असतो. शेवटी वरचा भाग काळा दिसू लागला. तिथे पडदा इतका पातळ झाला की सगळेच रंग मावळले. मग तो फुटला.

इंग्लंडातील थॉमस यंग या शास्त्रज्ञाने १८०१ साली या रंगांचा असा उलगडा केला.

मग विहिरीवर काय होते? असाच पातळ पडदा. पण कशाचा? सगळे विहिरीवर गेले. गुरुजींनी काठीने तवंग हलवला. त्याचे खपल्यांसारखे तुकडे झाले असते, तर तो बहुधा पाण्यातील लोहावर वाढणाऱ्या जंतूंचा थर. पण हा तवंग लगेच पुन्हा मिळून आला. म्हणजे तेल! पाहिले तर पाण्याच्या इंजिनातून तेल गळत होते. इंजिन दुरुस्त केले. पाणी तपासून येईपर्यंत पिण्याचे पाणी दुसऱ्या विहिरीवरून आणले.

तुम्हीही बांगडी घेऊन पाहा. आणि पाण्यावर रंग दिसला, तर आधी विचारा: हा पडदा कशाचा?