जुन्या घराची किल्ली

घर बदलताना आपण सामान मोजून टेम्पोत चढवतो, नव्या घरी मोजून उतरवतो आणि मगच जुन्या घराची किल्ली मालकाच्या हाती देतो. संगणकावरचं सामान हलवताना मात्र हे शहाणपण आपण विसरतो. मीही विसरलो होतो.

आमच्याकडे दहा-बारा वर्षं एक छोटी पेटी होती. आत दोन हार्डडिस्क, मागे नेटवर्कची वायर. घरातल्या सगळ्या संगणकांना तिच्यावरचे फोटो, कागदपत्रं दिसत. हिला नेटवर्क स्टोरेज किंवा ‘नॅस’ म्हणतात. आईच्या ओव्यांच्या कॅसेटही मी हिच्यातच उतरवून ठेवल्या होत्या. आई आता नाही. पेटी कुरकुरू लागली, तेव्हा नवी आणली.

वाटलं, जुन्या डिस्क काढून नव्या पेटीत बसवाव्यात. एका जाणकार मित्रानं वेळीच हात धरला. डिस्कवर माहिती मांडण्याची रीत कंपनीगणिक वेगळी. नवी पेटी अनोळखी डिस्क बहुधा आधी कोरी करायला मागते. म्हणून दोन्ही पेट्या जोडून नक्कल करायचं ठरलं.

माहिती होती २ टेराबाइट आणि राउटर १०० मेगाबिटचा. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट. या वेगानं दोन दिवस गेले असते. गिगाबिटचा स्विच लावला आणि काम एका रात्रीत उरकलं.

सकाळी मी जुनी पेटी पुसायला निघालो. मित्र म्हणाला, “मोजलंस का?” मोजलं, तर १७ फाइली कमी! त्यांची नावं देवनागरीत होती. जुन्या पेटीनं ती वेगळ्या संकेतपद्धतीत लिहिली होती, म्हणून नक्कल करताना त्या गाळल्या गेल्या. त्यांत आईच्या ओव्या होत्या. नावं रोमन अक्षरांत करून त्या पुन्हा उतरवल्या.

संख्या जुळली तरी आतला मजकूर जुळेलच असं नाही. त्यासाठी ‘चेकसम’ असतो. फाइलमधल्या साऱ्या बिटांवरून गणितानं काढलेला हा आकडा. एक बिट बदलला तरी तो बदलतो. १९९६ साली आलेला ‘आरसिंक’ हा मोफत प्रोग्राम, तशी आज्ञा दिल्यास, दोन्हीकडचे चेकसम ताडून पाहतो आणि फाइलींच्या तारखाही जपतो.

आणखी एक. पेटीतल्या दोन्ही डिस्कवर तोच मजकूर असतो, म्हणून निर्धास्त राहू नका. एक डिस्क बिघडली तर दुसरी वाचवते. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते. म्हणून तीन प्रती ठेवाव्यात, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर.

त्या रविवारी नव्या पेटीवरून आईच्या ओव्या लावल्या, शेवटपर्यंत ऐकल्या. जुनी पेटी मात्र आणखी तीन महिने कपाटात ठेवली. किल्ली परत करायची घाई कशाला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)