पाणी गेलं कुठं?

मोटार तापली की आपण आधी पाणी शोधायला धावतो. माझ्या अब्बांनी १९८६ साली घेतलेली पद्मिनी अजून आमच्या दारात आहे, आणि तिच्या डिकीत पाण्याचा कॅन नाही असा एक दिवस मला आठवत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडणं थांबल्याला वीस वर्षं उलटून गेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आमची मात्र चालते आहे. म्हणजे, चालत होती.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात हिवरे बाजारला निघालो होतो. शाळेतल्या मुलांपुढे कविता वाचायच्या होत्या. नगरपासून गाव जेमतेम १७ किलोमीटर, त्यामुळे काट्याकडे कोण बघतो? गाव चार किलोमीटरवर आलं तेव्हा काटा लाल रेघेच्या पलीकडे गेलेला दिसला. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. गाडी कडेला घेतली, बॉनेट उचललं, आणि बी.ए. झालेल्या माणसाने करू नये ते केलं. हातरुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं.

कुकरची शिट्टी पडायच्या आधी झाकण उघडलं तर काय होईल? नेमकं तेच झालं. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं, दाब सुटला, की एका क्षणात त्याची वाफ होते. माझा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आज तो डाग फिकट झाला आहे, पण आहे.

शेजारच्या वावरातला एक गृहस्थ कळशी घेऊन धावत आला. मला वाटलं, गाडीसाठी पाणी आणलं. त्याने ते सगळं माझ्या हातावर सावकाश ओतलं. मग दुसरी कळशी. नंतर म्हणाला, ‘‘सर, गाडीत घालायचं पाणी मागनं बघू, आधी इंजिन निवू द्या. सकाळी पाणी किती होतं? आन् गेलं कुठं?’’

हा प्रश्न हिवरे बाजारच्या परिसरातलाच माणूस विचारणार. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर या गावाने डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले. पण माझ्या मते खरी गोष्ट पुढची आहे. हे गाव पाऊस मोजतं, पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. मी मात्र दहा वर्षं कॅन ओतत होतो, हिशोब एकदाही केला नव्हता.

अर्धा तास थांबलो. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो, म्हणून इंजिन निवल्यावरच थोडं थोडं पाणी घातलं आणि थांबत थांबत गाव गाठलं. शाळेत पोचलो तेव्हा मधली सुट्टी चालू होती.

नगरला परतल्यावर एका गॅरेजवाल्याने गाडी न तपासताच निकाल दिला: ‘‘हेड गॅसकेट गेलं, इंजिन उघडावं लागेल. नाहीतर भंगारात द्या.’’ अम्मी हे ऐकून दिवसभर बोलली नाही. दुसरा म्हणाला, थर्मोस्टॅट काढून फेका. हा सल्ला आपल्याकडे सर्रास देतात, आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते.

मी घरीच तपासायचं ठरवलं. गॅसकेट गेलं असेल तर बहुधा तेलपट्टीवरचं तेल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसतं, पाण्यात बुडबुडे येत राहतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहतो. यातलं काहीच नव्हतं. फॅनबेल्ट शाबूत होता. पंखा आणि पाण्याचा पंप त्यावरच फिरतात. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडला, पाणी तापवलं. आतलं मेण फुगून त्याची झडप उघडते, तशी ती उकळी येण्याआधीच उघडली. बायकोने ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेतलं नाही, तो वेगळा विषय.

मग नळ्या. इंजिन गरम झाल्यावर बंद करून हात लावला, तर वरची नळी चटका देत होती आणि खालची जवळजवळ गार होती. म्हणजे गरम पाणी रेडिएटरपर्यंत येत होतं, पण पलीकडे जात नव्हतं. (वरचीही गार असती तर संशय थर्मोस्टॅटवर गेला असता.) शिवाय गाडी गर्दीत नाही, मोकळ्या रस्त्यावर तापली होती. गर्दीत तापली तर पंखा पाहावा, वेगात तापली तर रेडिएटर.

जुन्या गाडीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, म्हणून तो दुरुस्त होतो. कारागिराने वरची टाकी डाग उकलून काढली आणि मला आत बघायला लावलं. अर्ध्याहून अधिक नळ्या पांढऱ्या खरपुडीने बुजल्या होत्या. आमच्या बोअरचं जड पाणी. किटलीच्या तळाला बसतं तेच इथे बसलं होतं. आणि पाणी कुठे जात होतं? झाकणाची स्प्रिंग ढिली, रबर कडक झालेलं. दाब टिकत नव्हता, पाणी लवकर उकळून वरच्या बारीक नळीतून रस्त्यावर सांडत होतं. थेंब वाटेत वाळून जायचे, म्हणून गळती कधी दिसली नाही. मी जितकं ओतायचो तितका क्षार आत जायचा. दोष गाडीचा नव्हता.

कारागिराने चपट्या सळया घालून एकेक नळी साफ केली, टाकी पुन्हा डाग देऊन बसवली. नवं झाकण घेतलं. इंजिन आतून स्वच्छ पाण्याने धुवून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. कूलंट गंज रोखतं आणि उकळण्याचा अंशही वाढवतं. सगळा खर्च इंजिन उघडण्याच्या पासंगालाही पुरला नसता.

मे महिन्यात भर दुपारी पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. अम्मी मागे बसली होती. काटा मध्यावर होता. त्या वावराशी गाडी थांबवली, तर गृहस्थाने लांबूनच ओरडून विचारलं, ‘‘आता किती उरलंय?’’