पवनचक्कीच्या पात्यावरील भोंवरा

धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत, ब्राह्मणवेलच्या परिसरांत, पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. पात्याच्या पाठीस वारा चिकटून वाहतो तोंवरच पात्यास उचल मिळते. वाऱ्याचा कोन सुमारें १५ अंशांपलीकडे गेला, कीं वारा पाठ सोडतो व उचल ढळते.

झोत अकस्मात् आला तर मात्र निराळाच प्रकार घडतो. पुढच्या कडेशीं भोंवरा उठतो. तो मागें सरकत असतां उचल उलट वाढते. तो निसटतांच ती कोसळते व पातें पिळवटतें. असे हिसके वर्षानुवर्षें बसून पात्यास तडे जातात.

जळगांवच्या बागांत केळीचें पान कडेनें चिरतें, वाऱ्यास वाट मिळते, झाडावरचा ताण हलका होतो. पात्यास चिरून चालत नाहीं. म्हणून त्याच्या मागच्या कडेस अरुंद, हालती पट्टी बसविण्याची युक्ति निघाली. भोंवरा सरकत असतां ती वर वळविली, तर पीळ ओसरतो. अवजड पातें मुळापासून वळविण्यास वेळ लागतो. पट्टी क्षणांत वळते.

डेन्मार्कमध्यें नेहमींच्या वाऱ्यांत झालेल्या व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत अशा पट्टीनें पात्याच्या मुळावरील भार सरासरी १४ टक्क्यांनीं घटला. परंतु चक्की वीस वर्षें उभी राहावयाची असते. तितकीं वर्षें उन्हापावसांत न अडखळणारी पट्टी घडविणें, हीच खरी कसोटी होय.