‘पुट ऑफ’ : पुढे ढकलणं, टाळणं आणि टोलवणं

आज आपण एकच क्रियापद घेणार आहोत : ‘पुट ऑफ’. शब्द दोन, तेही अगदी सोपे. ‘पुट’ म्हणजे ठेवणं आणि ‘ऑफ’ म्हणजे दूर, बाजूला. पण ‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ’ या वाक्यात कुणी काही उचलून बाजूला ठेवलेलं नसतं. मीटिंग पुढे ढकललेली असते.

असं का होतं, हे आपल्याला मराठीतूनच समजून घेता येईल. ‘मागणी उचलून धरली’ असं आपण म्हणतो, तेव्हा कुणी काही उचलत नाही आणि धरतही नाही. ‘पाठिंबा दिला’ हा तिसराच अर्थ निघतो. इंग्रजीत हेच काम क्रियापदाला चिकटलेले ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’ असे छोटे शब्द करतात. परकीयांना इंग्रजीत सगळ्यात जड जातं ते हेच, असं सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवलं आहे. तेव्हा हे अवघड वाटलं तर आपण काही एकटे नाही.

आता समानार्थी शब्दांकडे येऊ. शब्दकोशात ‘पुट ऑफ’समोर पोस्टपोन, डिफर, डिले, अ‍ॅडजर्न, प्रोक्रॅस्टिनेट अशी रांग दिसते. परीक्षेत यातला कुठलाही लिहिला तरी बहुधा गुण मिळतात. व्यवहारात मात्र ते एकमेकांच्या जागी चालतीलच असं नाही. निवड करताना आपण तीन प्रश्न विचारायचे : पुढे कुणी ढकललं? का ढकललं? आणि ती गोष्ट पुढे होणार आहे का?

पोस्टपोन हा ‘पुट ऑफ’चा सगळ्यात जवळचा भाऊ. लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. अर्थ तोच, फक्त कपडे ऑफिसचे. नोटिशीत, पत्रात पोस्टपोन लिहावं, बोलताना ‘पुट ऑफ’ म्हणावं. डिफर त्याहून औपचारिक आहे. पैसे भरण्याची मुदत, प्रवेश, शिक्षा अशा ठिकाणी तो भेटतो.

डिलेमध्ये बऱ्याचदा कुणाचा निर्णय नसतो. लोकल उशिरा येते तेव्हा ‘द ट्रेन इज डिलेड’ म्हणायचं. इथे ‘पुट ऑफ’ म्हटलं, तर कुणीतरी ठरवून गाडी नंतरच्या वेळेवर नेली असा अर्थ होईल. अ‍ॅडजर्न म्हणजे आपलं तहकूब करणं. सभा किंवा सुनावणी चालू असते, ती मध्येच थांबवून पुढच्या वेळेवर नेतात.

प्रोक्रॅस्टिनेट या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला ‘क्रास’, म्हणजे ‘उद्या’ दडलेला आहे. आपल्याकडची चालढकल. यात दोष करणाऱ्याच्या पदरात पडतो. पावसामुळे सामना पुढे गेला, तर आयोजकांनी प्रोक्रॅस्टिनेट केलं असं कुणी म्हणणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा फरक. ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ कानाला सारखे वाटतात, पण ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणं. २०२० सालचं उदाहरण घेऊ. करोनामुळे टोकियो ऑलिंपिक ‘पुट ऑफ’ झालं आणि २०२१च्या जुलै-ऑगस्टमध्ये भरलं. त्याच वर्षीची विम्बल्डन स्पर्धा ‘कॉल ऑफ’ झाली. ती नंतरही खेळवली गेली नाही, २०२० सालचा विजेताच नाही. आता हाच फरक आपल्या घरात आणून बघा. मुलाखत ‘पुट ऑफ’ झाली तर तयारी चालू ठेवायची, ‘कॉल ऑफ’ झाली तर दुसरी नोकरी शोधायची. परगावच्या नातेवाइकाचं ऑपरेशन ‘पुट ऑफ’ झालं असं कळलं, तर पुढची तारीख विचारायची. इथे ऐकण्यात गफलत झाली तर ती महागात पडते.

‘पुट ऑफ’चे आणखी काही अर्थ आहेत, ते भराभर पाहू. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’, म्हणजे त्या वासानं अन्नावरची वासनाच उडाली. ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’, म्हणजे तो मला टोलवतोय, आज या, उद्या या करतोय. आणि खेळताना कुणी मध्ये बडबड केली तर ‘डोन्ट पुट मी ऑफ’, म्हणजे माझं लक्ष उडवू नकोस. ओळखायची खूण अशी : ‘पुट’नंतर काम किंवा कार्यक्रम आला तर बहुतेक वेळा पुढे ढकलणं, माणूस आला तर नाउमेद करणं, टोलवणं किंवा लक्ष उडवणं.

व्याकरणाचे नियम दोनच. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही बरोबर. पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं, ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ चालत नाही. दुसरं, पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लागतं. ‘शी पुट ऑफ गोइंग टू द डॉक्टर’ बरोबर, ‘पुट ऑफ टू गो’ चूक.

एका श्रोत्यांनी विचारलंय, ‘फी भरायला उशीर झाला, तर अर्जात पुट ऑफ लिहावं का?’ शक्यतो नको. ‘आय पुट ऑफ पेइंग द फीज’ म्हणजे पैसे भरता येत होते, पण आम्ही टाळलं, अशी कबुलीच होते. खरोखर अडचण होती तर ‘द पेमेंट वॉज डिलेड’ लिहून पुढे कारण द्यावं. मुदतच वाढवून हवी असेल तर डिफर वापरावं.

दुसरा प्रश्न उलट अर्थाचा आहे : अलीकडे आणणं याला काय म्हणायचं? आपल्याकडे प्रीपोन सर्रास चालतं आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही त्याची नोंद आहे. पण तो भारतीय इंग्रजीतला शब्द. परदेशातल्या माणसाला लिहिताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहिलेलं बरं.

सरावासाठी आज रात्री झोपण्यापूर्वी आपली तीन राहिलेली कामं आठवा. एक दुसऱ्यानं पुढे ढकललेलं, एक परिस्थितीनं लांबलेलं आणि एक आपण स्वतः टाळलेलं. तिन्हींसाठी एकेक इंग्रजी वाक्य लिहा. क्रियापद तिन्ही ठिकाणी एकच आलं, तर वरचे तीन प्रश्न पुन्हा विचारून पाहा.